मुठीतल्या साठ डब्या

महसूल खात्यात एखादं काम माणसाला चिकटलं, की ते निवृत्तीपर्यंत सुटत नाही. कुणाला पंचनामे चिकटतात, कुणाला मंत्र्यांचे दौरे. मला सोडती चिकटल्या. कारण एवढंच, की लिपिक म्हणून रुजू झाले तेव्हा माझ्या पदवीसमोर ‘संख्याशास्त्र’ असं लिहिलेलं होतं. पहिली नेमणूक चंदगडला. तिथल्या साहेबांनी माझी कागदपत्रं बघून विचारलं, “म्हणजे आकडा कुठला लागणार हे सांगता येतं होय तुम्हाला?”

मी म्हटलं, “नाही साहेब. तो सांगता येत नाही, एवढंच खात्रीनं सांगता येतं.”

साहेब मनापासून हसले, आणि पुढच्याच आठवड्यात एका ग्रामपंचायतीच्या चिठ्ठ्या टाकायला मला बरोबर घेऊन गेले. तिथून जी सुरुवात झाली ती नायब तहसीलदार होऊन घरी बसेपर्यंत. अजूनही कळंब्याच्या तलावावर सकाळी फिरायला गेले की कुणीतरी ओळखतंच. “चिठ्ठीवाल्या बाई न्हवं का तुमी? आमच्या अपार्टमेंटात पार्किंगवरनं भांडणं लागल्यात. येतासा का चिठ्ठ्या टाकायला?” मी जाते. सवय सुटत नाही.

सोडत म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं. मागणारे जास्त, वस्तू कमी, आणि अमक्याचाच हक्क मोठा असं सांगता येत नाही. अशा वेळी चिठ्ठ्या टाकायच्या. त्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, प्रत्येकाला मिळण्याची शक्यता अगदी सारखी पाहिजे. दुसरी, ती सारखी आहे हे प्रत्येकाला दिसलं पाहिजे, पटलं पाहिजे. पहिली गोष्ट गणिताची आहे आणि कागदावर पाच मिनिटांत होते. दुसरीसाठी माझी निम्मी नोकरी खर्ची पडली.

चंदगडच्या त्या पहिल्या सोडतीत दोन उमेदवारांना सारखी मतं पडली होती. एक निवृत्त फौजी, दुसरा काजूचा व्यापारी. बाहेर पाऊस नुसता ओतत होता, शाळेच्या खोलीत माणसं दाटीवाटीनं उभी, ओल्या घोंगड्यांचा वास. दोन चिठ्ठ्या, एक कळशी. साहेबांनी चिठ्ठी काढली, फौजी जिंकला. व्यापाऱ्याचा एक माणूस पुढं आला आणि म्हणाला, “एकदा काढून काय कळतंय ओ? तीनदा काढा. ज्याची दोनदा निघंल त्यो निवडून.”

मी नवी होते, उत्साहानं समजावायला गेले. “दादा, तीनदा काढली तरी दोघांनाही शक्यता निम्मी-निम्मीच राहते. काही फरक पडत नाही.”

“फरक पडत न्हाई व्हय?”

“नाही.”

तो म्हणाला, “पण हरायला जरा येळ मिळतोय की.”

माझं गणित बरोबर होतं आणि तरीही त्या माणसाला माझ्याकडनं काहीच मिळालं नव्हतं. तो शक्यता विचारतच नव्हता. जे झालं ते पचवायला त्याला वाट पाहिजे होती. हे मला त्या दिवशी अर्धंमुर्धं कळलं. पुरतं कळायला नोकरीचं शेवटचं वर्ष उजाडावं लागलं. मला सांगायचं आहे ते त्याच वर्षाचं.

जिल्ह्यातल्या एका लहान शहरातली गोष्ट. नाव सांगत नाही; तिथं सगळे अजून रोज एकमेकांची तोंडं बघतात. एसटी स्टँडाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला पिढ्यानपिढ्या भाजीबाजार भरायचा. रस्ता रुंद करायचा ठरला, आणि नगरपालिकेनं मागच्या मोकळ्या जागेत नवी मंडई बांधली. छप्पर पक्कं, पाण्याची सोय, बसायला सिमेंटचे कट्टे. विक्रेते साठ, कट्टेही साठ. म्हणजे कुणी बाहेर राहणार नव्हतं. भांडण होतं ते वेगळंच. साठातले बारा कट्टे रस्त्याकडं तोंड करून होते, बाकीचे अठ्ठेचाळीस आत. रस्त्यावरचं गिऱ्हाईक पुढच्या बारांपाशीच पिशवी भरून परत फिरणार, हे सांगायला कुणा पंडिताची गरज नव्हती.

नगरपालिकेनं एकदा सोडत घेतली होती. परवान्याच्या क्रमानं एकेकाला बोलावलं, चिठ्ठी काढली की लगेच उघडून नंबर मोठ्यानं वाचला. पस्तीस जण होईपर्यंत बारातले नऊ पुढचे कट्टे गेले. मागं राहिल्या पंचवीस बायका, आणि पुढचे कट्टे उरले तीन. त्यांच्यातली हौसाक्का उठली आणि ओरडली, “आमास्नी काय उष्टं वाढायला बोलावलंय व्हय रं?” पुढं टेबल उलटलं, टोमॅटो उडाले आणि सोडत रद्द झाली.

मग नगरपालिकेनं तहसीलकडं माणूस मागितला, आणि साहजिकच माझं नाव निघालं.

मी आधी मुख्याधिकाऱ्यांना भेटले. तरुण होते, नवे होते, पुण्याकडून आले होते आणि कामाला सच्चे होते. ते म्हणाले, “मॅडम, कॉम्प्युटरनं काढू. बटण दाबलं की साठ नावं, साठ नंबर. माणसाचा हातच लागणार नाही.”

“तुमचं बरोबर आहे,” मी म्हटलं. “पण बाजारात जाऊन विचारू या का आधी?”

दोघं बाजारात गेलो. कांदा-बटाट्याचे आप्पासो हे विक्रेत्यांच्या संघटनेचे अध्यक्ष. उंच, पांढरा सदरा, आवाज स्टँडच्या पलीकडं जाणारा. कॉम्प्युटरचं नाव काढताच म्हणाले, “कंप्युटर कुणाचा? तुमचा. बटण कुणाचं? तुमचं. मग नशीब आमचं कसं काय हो?” मुख्याधिकाऱ्यांना हसू आलं. त्यांनी तो विषय तिथंच सोडला, आणि याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात शाबासकी दिली.

“चिठ्ठ्याच टाकू,” मी म्हटलं.

“टाका की. पर पयली चिठ्ठी माझी. अध्यक्ष हाय मी.”

एवढं म्हणायची खोटी, चारी बाजूंनी गलका उठला. प्रत्येकाला आधी चिठ्ठी काढायची होती. हौसाक्का वांग्यांच्या ढिगामागनं उठून आली. “बाई, मागल्या बारीला बघितलं आमी. म्होरं हुते त्यांनी म्होरलं नेलं. मागं ऱ्हायलो त्यांनी बघत बसायचं. आप्पासोची पयली आसंल, तर आमी येतच न्हाई.”

मी म्हटलं, “हौसाक्का, पहिली काढली काय आणि शेवटची काढली काय, शक्यता सारखीच असते.”

“मग आप्पासोला शेवटची द्या.”

“न्हाई चालायचं,” आप्पासो.

“बगा!” हौसाक्का माझ्याकडं वळली. “सारखीच आसती तर त्यो का भांडतोय?”

तिचा प्रश्न बिनतोड होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले आणि भर बाजारात, हौसाक्काशेजारी पोत्यावर बसले. म्हटलं, करूनच दाखवू. तिच्याच ढिगातली पाच वांगी घेतली, त्यातलं एक किडकं. पदराआड हलवून समोर मांडली. “पाच जणींनी एकेक उचला. किडकं कुणाला येतं बघू.”

हौसाक्कानं वांग्यांकडं बघितलंसुद्धा नाही नीट. बोट ठेवलं आणि म्हणाली, “ह्ये किडकं. देठाजवळ भोक दिसतंय की ओ बाई!”

सगळा बाजार हसला. मीही हसले. पण तिनं मला माझ्या धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीची आठवण करून दिली होती. वस्तू बाहेरून ओळखता आली, की शक्यता संपली. मी जुन्या सोडतींत चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला पाहिला आहे, मेण लावलेलं पाहिलं आहे, हाताला गार लागावी म्हणून बर्फात ठेवलेली चिठ्ठी पाहिली आहे. ते सगळं या देठाजवळच्या भोकासारखंच.

मग समोरच्या टपरीवरून पाच काडेपेट्या आणल्या, रिकाम्या केल्या, आवाज येऊ नये म्हणून आत कापूस भरला आणि एकीत लवंग ठेवली. नियम एकच. पाची जणींनी उचलेपर्यंत कुणी पेटी उघडायची नाही. मग सगळ्यांनी एकदम.

खेळ सुरू झाला. कधी लवंग पहिलीला, कधी चौथीला, मधेच लागोपाठ दोनदा तिसरीला. ज्या ज्या वेळी शेवटच्या जागेवर बसायला कुणी तयार होईना, त्या त्या वेळी पारव्वा बसायची. पारव्वा म्हणजे मिरची-कोथिंबीरवाली. सीमेकडच्या गावची, घरात कानडी बोलणारी, मोजकं बोलणारी. गुडघा दुखरा, म्हणून उभी राहिली की एका पायावर भार द्यायची. शेवटची पेटी कायम तिची. आणि दुपार कलेपर्यंत लवंग तिच्याही वाट्याला इतरांइतकीच येऊन गेली होती.

“ह्ये कसं काय ओ?” हौसाक्कानं विचारलं. आता आवाजात भांडण नव्हतं.

मी सांगितलं, “पाच पेट्या, लवंग एकीत. पहिलीला मिळायची शक्यता पाचात एक. बरोबर?”

“व्हय.”

“दुसरीला मिळायची तर आधी पहिलीनं ती न्यायला नको. पहिली पाचातल्या चार वेळा नेत नाही. मग उरल्या चार पेट्या. त्या चारांतली नेमकी एक दुसरीनं उचलायची. पाचातले चार, आणि त्या चारातला एक. किती झालं?”

हौसाक्का बोटांवर पुटपुटली. उत्तर पारव्वानं दिलं. “पाचात एकच की.”

“तसंच तिसरीचं, चौथीचं, पाचवीचं. आधीची नेईल ही भीती एका बाजूला. आधीच्यांना नाही मिळाली, तर उरलेल्यांत आपला वाटा वाढतो, हे दुसऱ्या बाजूला. दोन्ही तंतोतंत फिटतात.”

“मग त्या दिशी आमचं नुकसान कसं झालं?”

“त्या दिवशी चिठ्ठ्या लगेच उघडल्या. नऊ गेलेले तुम्ही बघितले. सोडत सुरू व्हायच्या आधी तुमची शक्यता साठात बारा, म्हणजे पाचात एकच होती. बघितल्यावर ती पंचविसात तीन झाली. पहिल्या दहांत एकही पुढचा कट्टा गेला नसता, तर तुमचा भाव वाढला असता, आणि मग टेबल आप्पासोंनी उलटलं असतं.”

हे मात्र सगळ्यांना एका दमात पटलं. पारव्वा हातातल्या बंद काडेपेटीकडं बघत म्हणाली, “म्हंजे उघडस्तवर कुणी म्होरं न्हाई आन् कुणी मागं न्हाई.”

“तसंच.”

“मग मी शेवटची. माझं नाव शेवटाला घाला.”

तिनं हे अगदी सहज म्हटलं. पुढचा क्रम लागायला मग वेळ लागला नाही. आप्पासोंना पहिली हवी होती, ती त्यांना दिली. कुणी हरकत घेतली नाही. उलट बायका एकमेकींकडं बघून हसत होत्या.

निघताना हौसाक्कानं मला बाजूला घेतलं. तिच्या घरात परवाने दोन होते, एक तिचा, एक सून सुरेखाचा. “बाई, माझं पाचात एक, सुरेखाचं पाचात एक. म्हंजे आमच्या घरात पाचात दोन. शंभरात चाळीस. व्हय न्हवं?”

“थोडं कमी. छत्तीस.”

“चार कुठं गेलं?”

“दोघींनाही पुढचाच कट्टा मिळाला, तर तो योग तुम्ही दोनदा मोजला. तुमच्यात एकदा, सुरेखात एकदा. तो शंभरात चारच्या आसपास आहे. तेवढा एकदा वजा करायचा.”

“आन् दोघींनाबी न्हाई मिळाला तर?”

“ते शंभरात चौसष्ट.”

तिनं ते नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि सुनेला हाक मारून म्हणाली, “सुरेखा, आत बसायची तयारी ठेव गं.”

सोडतीसाठी चिठ्ठ्या नुसत्या टाकायच्या नाहीत, असं मी ठरवलं होतं. गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, सोनार नथ घालून देतात तशा लहान डब्या मुख्याधिकाऱ्यांनी स्वतः जाऊन आणल्या. साठही एका रंगाच्या, एका मापाच्या. सकाळी नव्या मंडईत सगळ्यांसमोर एक ते साठ आकडे दाखवून एकेका डबीत घातले, आणि विक्रेत्यांनीच प्रत्येक डबीवर चिकटपट्टी लावली. पट्टी फाडल्याशिवाय डबी उघडत नाही. चोरून डोकावण्याचा प्रश्न मिटला. मग सगळ्या डब्या धान्याच्या मोठ्या पारदर्शक डब्यात ओतल्या. ज्याला संशय असेल त्यानं येऊन हलवावं, म्हटलं. बरेच जण आले. आप्पासोंनी तर दोन्ही हातांनी असा हलवला, की झाकण उडतंय असं वाटलं.

पहिली डबी आप्पासोंनी काढली. कपाळाला हळद, डोळे मिटलेले, तोंडानं देवाचं नाव. मग एकेक जण येत गेला. मंडईत एरवी कानाला दडे बसतील एवढा गलका. त्या दिवशी फक्त चपलांचा आवाज. हौसाक्का आली, सुरेखा आली. सगळ्यात शेवटी पारव्वा लंगडत आली. तिला निवडायलाही काही नव्हतं, तळाशी एकच डबी उरली होती. ती तिनं उचलली, कपाळाला लावली आणि जागेवर जाऊन उभी राहिली.

साठ माणसं, साठ मुठी आणि सगळ्या बंद. मी इतक्या सोडती घेतल्या, पण असं दृश्य कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, “उघडण्याआधी एक. कुणाला वाटत असेल आपली डबी ठरवून दिलेली आहे, तर त्यानं हव्या त्याच्याशी बदलून घ्यावी. आत्ताच.”

थोडी चुळबुळ झाली, दोघीतिघींनी हसत हसत डब्या बदलल्या. हौसाक्का गप्प बसणारी नव्हती. “आप्पासो, तुमी पयली काढलीसा. आता पारव्वाची शेवटची घ्या की! का भ्या वाटतंय?”

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. आप्पासोंनी मिशीवरनं हात फिरवला. अध्यक्ष माणूस, माघार कशी घेणार? तरातरा चालत गेले, आपली डबी पारव्वापुढं धरली. पारव्वानं लगेच आपली दिली.

मी हात वर करणार, तेवढ्यात पारव्वाच बोलली. “बाई, एक इचारू का?”

“विचारा.”

“ह्यो कट्टा कायमचा का?”

मी मुख्याधिकाऱ्यांकडं बघितलं. ते म्हणाले, “परवाना वर्षाचा असतो. दर वर्षी नवा करावा लागतो.”

“मग दर साली डब्या हालवल्या तर?”

पारव्वा तशीच, एका पायावर भार देऊन उभी. “आता कुणालाच ठावं न्हाई आपल्या डबीत काय हाय. उघडल्यावर इचारलं, तर म्होरलं मिळालेलं न्हाई म्हंतील, मागलं मिळालेलं व्हय म्हंतील. म्हणून आताच इचारते.”

मी संख्याशास्त्र शिकले, आयुष्यभर सोडती घेतल्या, पण बंद डबीचा असा उपयोग मला सुचला नव्हता. नशीब कळायच्या आधी माणूस किती न्यायानं बोलू शकतो, हे ती साठ जणांना दाखवत होती.

मुख्याधिकारी माझ्या कानाशी वाकले. “मॅडम, नियमात बसतं. सगळ्यांची मान्यता असेल तर मी ठराव ठेवतो.”

मी मोठ्यानं विचारलं, “दर वर्षी नवी सोडत. कबूल असेल त्यांनी डबीचा हात वर करा.”

हौसाक्काचा हात पहिला गेला. मग सुरेखाचा, मग सगळ्या बायकांचे. पुरुषांत कुजबुज झाली. आप्पासो छताकडं बघत होते, ओठ हलत होते. मला दिसत होतं, गडी मनात मांडणी करतोय. पाचात एक पुढं, पाचात चार आत. आत गेलो तर जन्मभर आत. शेवटी त्यांनी मोठा श्वास घेतला आणि हात वर केला. “कबूल! दर साली!” त्यांच्या मागोमाग उरलेले सगळे हात वर गेले.

“उघडा!”

साठ पट्ट्या एकदम फाटल्याचा आवाज सिमेंटच्या छपराखाली घुमला. मग आरडाओरडा, हसणं, शिट्ट्या. हौसाक्कानं आपली चिठ्ठी बघितली, सुनेची बघितली आणि लांबून मला ओरडून सांगितलं, “बाई, छत्तीसात न्हाई बसलो! चौसष्टात घावलो!” आणि स्वतःच पोट धरून हसली.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “आप्पासोला म्होरला! बारातला!”

अध्यक्ष, पहिला मान, आणि पुढचाच कट्टा. दोन-चार आवाज चढले, “सेटिंग हाय! सेटिंग!” मागच्या सोडतीत टेबल उलटलं होतं ते असंच सुरू झालं असणार. बंदोबस्ताला आलेला हवालदार पुढं सरकला.

पण हौसाक्कानं त्याच्याआधी तोंड उघडलं. “कसली सेटिंग रं? ती डबी पारव्वाची. शेवटची! आमीच घ्यायला लावली न्हवं?”

झालं. आधी एक जण हसला, मग दुसरा, मग सगळी मंडई. शेवटची डबी पुढचा कट्टा घेऊन निघाली होती आणि पहिली डबी आतल्या भिंतीचा. पहिलीला मान असतो, शेवटची उष्टी असते, हे म्हणायला त्या दिवसापासून त्या बाजारात कुणाची जीभ धजली नाही. आप्पासो तेवढे हसत नव्हते. हात वर करून ‘दर साली’ म्हणून बसले होते ना!

मी पारव्वाजवळ गेले. तिच्या हातात आतल्या भिंतीकडचा नंबर. गिऱ्हाईक तिथवर येणार कधी, आणि हिचा गुडघा तिथवर जाणार कसा, हेच माझ्या मनात. सोडतीला गुडघा दिसत नाही. तिला कुणाची गरज मोठी, कुणाची छोटी हे कळत नाही, म्हणूनच तर ती निर्मळ असते. या गोष्टीची टोचणी मला नोकरीभर राहिली आणि आजही आहे.

“पारव्वा, बदलली नसती तर...”

“तवा कुठं ठावं हुतं, बाई?” तिनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. “बदलली तरी पाचात एक, ठेवली तरी पाचात एक. मी काय चुकले?”

“काहीच नाही.”

“मग तुमी का त्वांड बारीक करतासा?”

ठराव झाला. पुढच्या वर्षी सोडतीच्या वेळी मी निवृत्त होऊन घरी होते. हौसाक्काचा फोन आला. “बाई, पावणी म्हणून यायचं. कामाला हात लावायचा न्हाई.” गेले. नगरपालिकेचा माणूस एका बाजूला खुर्चीवर चहा पीत होता, कारण त्याला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आकडे दाखवले बायकांनी, पट्ट्या लावल्या बायकांनी, डबा हलवला बायकांनी. पुढच्या कट्ट्यावरचे बाराही जण आदल्या संध्याकाळीच आपापला माल उचलून मोकळे झाले होते. आप्पासोंनी पोती स्वतः खांद्यावरनं नेली. तोंड वाकडं होतं, पण नेली.

त्या वर्षी आप्पासो आत गेले, सुरेखा पुढं आली. पारव्वाला पुन्हा आतलाच कट्टा आला. पण वर्षभरात तिनं एक केलं होतं. मिरचीचे देठ काढून, निवडून, वाळवून विकायला लागली होती. चटणीच्या दिवसांत बायका पुढचे कट्टे ओलांडून तिला शोधत आत यायच्या. तिच्या शेजारच्या दोघीतिघींचाही माल त्यामुळं खपायला लागला होता. मला देठाविनाची पिशवीभर मिरची देत ती म्हणाली, “दोन साल आत बसले म्हणून तिसऱ्या साली म्होरं यीनच आसं काय न्हाई. व्हय की न्हाई?”

“होय. तेव्हाही पाचात एकच.”

“मग देठं काढलेली बरी.” आणि हसली.

मला खरं सांगायचं आहे ते या दुसऱ्या सोडतीच्या दिवशी, डब्या उघडायच्या आधीचं. एका जुन्या विक्रेत्याच्या जागी नवी बाई आली होती. वय कोवळं, कडेवर मूल, पहिलाच बाजार. रांगेत ती शेवटची होती. तळातली एकुलती डबी उचलताना तिचे डोळे भरून आले होते. आप्पासो त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यात समोरच उभे होते. ती त्यांच्याकडं बघून पुटपुटली, “मला काय मिळायचं? समदं म्होरच्यांनी नेलं आसंल.”

पारव्वा लंगडत तिच्यामागं गेली, तिची मूठ आपल्या हातात धरून घट्ट मिटवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, “उगाच रडू नगंस. अजून डबी मिटलेली हाय. ह्या घडीला तू आन् आप्पासो अगदी सारखी.”

आप्पासोंनी आपली मिटलेली मूठ वर केली आणि मान डोलावली. “बराबर हाय, पोरी.”